छंद म्हणून व्हिडिओ : निर्मितीपासून प्रकाशनापर्यंत

१. प्रस्तावना

हे टिपण हौसेने व्हिडिओ तयार करून इंटरनेटवर ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. यासाठी स्टुडिओ किंवा महागडा कॅमेरा लागत नाही. स्मार्टफोन, साधा ट्रायपॉड, कॉलरला लावायचा छोटा माइक आणि मोफत सॉफ्टवेअर एवढे साहित्य पुरते. मात्र प्रत्येक टप्प्यामागचे कारण माहीत असले पाहिजे. कारण माहीत नसेल तर चूक कुठे झाली ते कळत नाही.

संपूर्ण टिपणात आपण एकच उदाहरण घेणार आहोत : ‘छताचा पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, कपॅसिटर कसा तपासावा?’ बाजारात या भागाला कंडेन्सर म्हणतात. या विषयावर मी एक व्हिडिओ केला होता आणि तो मला काढून टाकावा लागला. त्यात काय चुकले, ते विभाग ९ मध्ये सांगितले आहे.

हे टिपण वाचल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता याव्यात :
- एका व्हिडिओसाठी योग्य आकाराचा विषय निवडून संहिता लिहिणे
- आवाज, प्रकाश आणि चित्र यांतील नेहमीचे दोष ओळखून दूर करणे
- फाइलचा आकार आणि अपलोडला लागणारा वेळ यांचे गणित मांडणे
- प्रकाशनापूर्वीची आणि नंतरची जबाबदारी ओळखणे

२. विषयाची निवड

युट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. संस्थापकांपैकी एक असलेले जावेद करीम त्यात प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून बोलतात. तो व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचाही नाही आणि त्यात सांगितलेली गोष्ट एकच आहे. नवख्याने एवढा धडा त्यातून जरूर घ्यावा.

एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. ‘पंख्याची दुरुस्ती’ हा विषय एका व्हिडिओचा नाही. त्यात बेअरिंग, वाइंडिंग, रेग्युलेटर, कपॅसिटर असे अनेक भाग येतात. ‘पंखा गुणगुणतो, हाताने ढकलला तर फिरू लागतो, मग काय तपासायचे?’ हा प्रश्न मात्र पाच-सहा मिनिटांत पूर्ण होतो. प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर विषय अजून मोठा आहे असे समजावे.

३. संहिता

अनेकांना वाटते की विषय येतो म्हणजे बोलताही येईल. वर्गात ते चालते, कारण समोरच्या चेहऱ्यांवरून आपण वेग बदलतो, एखादे वाक्य पुन्हा सांगतो. कॅमेऱ्यासमोर ही सोय नसते. म्हणून संहिता आधी लिहावी.

कागदाचे दोन उभे भाग करावेत. डावीकडे ‘काय दिसेल’ आणि उजवीकडे ‘काय ऐकू येईल’ ते लिहावे. उदाहरणार्थ :

दृश्य : मेन स्विच खाली करणारा हात.
निवेदन : “आधी घराचा मेन स्विच बंद करूया.”

दृश्य : कपॅसिटरवरचा छापील मजकूर, जवळून.
निवेदन : “यावर अडीच मायक्रोफॅरड असे लिहिले आहे.”

लांबीचा अंदाज शब्दसंख्येवरून येतो. समजावून सांगताना माझा वेग मिनिटाला सुमारे ११० शब्द पडतो. म्हणजे सहा मिनिटांसाठी ६६० शब्द पुरे. आपला वेग एक उतारा मोठ्याने वाचून घड्याळावर मोजावा.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची पद्धत येथे उपयोगी आहे. तेथे आधी संहिता लिहिली जाते, विषयात नवखी असलेली व्यक्ती ती तपासते आणि त्यानंतर रेकॉर्डिंग होते. चित्र तेच ठेवून निवेदन वेगवेगळ्या भारतीय भाषांत केले जाते. आपणही पडद्यावरचा मजकूर कमी ठेवला, तर कन्नड किंवा हिंदी जाणणारा मित्र त्याच चित्रावर आपला आवाज देऊ शकेल.

नवख्याकडून तपासणी ही पायरी मी माझ्या पहिल्या व्हिडिओच्या वेळी गाळली होती. ती का गाळू नये, ते पुढे कळेल.

४. आवाज

चित्र थोडे पुसट असेल तर प्रेक्षक सांभाळून घेतो. शब्द कळत नसतील तर तो व्हिडिओ बंद करतो. म्हणून पहिला खर्च माइकवर करावा.

माइक तोंडाजवळ का हवा? उगमापासूनचे अंतर निम्मे झाले की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. ट्रायपॉडवरचा फोन ६० सेंटिमीटरवर आहे आणि कॉलरचा माइक १५ सेंटिमीटरवर आहे असे समजा. अंतर चौपट कमी झाले, म्हणून थेट आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढला. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीत जवळपास सगळीकडे सारखाच असतो. म्हणजे माइक जवळ आणल्याने शब्द घुमण्याच्या वर येतात. हा फायदा सॉफ्टवेअरमधला आवाज वाढवून मिळत नाही, कारण तिथे शब्द आणि घुमणे दोन्ही सारखेच वाढतात.

व्यवहारातील सूचना :
- रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांनी भरलेले कपाट, गादी, दोरीवर टाकलेली गोधडी यांनी तो बराच शोषला जातो.
- रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा आणि कूलर बंद ठेवावेत.
- आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असावीत. शून्याला टेकलेली लहर वरून कापली जाते आणि कापलेला भाग परत मिळत नाही.
- सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहावे. खोलीच्या शांततेचा हा नमुना ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीची गुणगुण कमी करण्यासाठी वापरतात.
- आवाज वेगळ्या उपकरणावर घेत असाल तर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. हात मिळाल्याची फ्रेम आणि आवाजाचे टोक जुळवले की दोन्ही एका वेळेवर येतात.

५. प्रकाश आणि कॅमेरा

आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात विद्युतप्रवाह दोनदा शिखर गाठतो, त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटरचा काळ १/१०० सेकंद ठेवला तर प्रत्येक फ्रेममध्ये एक पूर्ण चढउतार येतो आणि १/५० ठेवला तर दोन. दोन्ही वेळा प्रकाश समान मिळतो. १/६० ठेवला तर पावणेदोनच्या आसपास चढउतार येतात, प्रत्येक वेळी वेगळा तुकडा पकडला जातो आणि चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. म्हणून फोनच्या कॅमेऱ्यात फ्लिकरची सेटिंग ५० हर्ट्झ करावी किंवा शटर हाताने ठरवावे.

आपल्या उदाहरणात एक वेगळी अडचण येते. दुरुस्ती दाखवताना मेन स्विच बंद असतो, म्हणजे खोलीत दिवाच नाही. तेव्हा सकाळी खिडकीच्या उजेडात चित्रण करावे. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला असावी, वस्तूच्या मागे नसावी. सूर्यप्रकाशात फ्लिकर नसतो, हा वरचा फायदा.

आता फिरत्या पंख्याचे चित्रण पाहू. पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतो असे माना. म्हणजे सेकंदाला ३५० × ३६० ÷ ६० = २१०० अंश. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेममध्ये पाते २१०० ÷ २५ = ८४ अंश पुढे जाते. पण तीन पात्यांमध्ये १२० अंशांचे अंतर असते आणि तिन्ही पाती सारखी दिसतात. मागून येणारे पाते पहिल्याच्या जुन्या जागेपासून फक्त ३६ अंश मागे पोहोचलेले असते. डोळा जवळची जागा जोडतो आणि पंखा उलटा फिरताना दिसतो.

वायरिंग उलटे जोडले तर पंखा खरोखरच उलटा फिरतो, त्यामुळे दुरुस्तीच्या व्हिडिओत हा भास दिशाभूल करतो. उपाय सोपा आहे. एका पात्यावर रंगीत चिकटपट्टी लावावी. पट्टी एकच असल्याने ती ८४ अंश पुढे गेलेलीच दिसते आणि खरी दिशा कळते.

६. पडद्यावरची अक्षरे

आपला प्रेक्षक व्हिडिओ कुठे पाहणार आहे? पुष्कळदा लहान फोनवर, डेटा वाचवण्यासाठी २४०पी किंवा १४४पीवर. तेथे ओळींची संख्या अनुक्रमे २४० आणि १४४ असते. मूळ चित्र १०८० ओळींचे आहे आणि त्यात अक्षराची उंची वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत ४८ ओळी आहे असे धरू.

२४०पीवर : ४८ × २४० ÷ १०८० = सुमारे ११ ओळी
१४४पीवर : ४८ × १४४ ÷ १०८० = सुमारे ६ ओळी

देवनागरी अक्षर तीन थरांत असते : शिरोरेषेवरच्या मात्रा, मधले अक्षर आणि खालचे उकार. सहा ओळींत प्रत्येक थराला दोनच ओळी मिळतात. एक मात्रा आणि दोन मात्रा यांतला फरक, अनुस्वार आहे की नाही, हे तिथे कळत नाही. म्हणून अक्षरांची उंची पडद्याच्या एक नवमांश, म्हणजे १२० ओळी ठेवावी. मग १४४पीवरही १६ ओळी मिळतात. याचाच अर्थ असा की एका पडद्यावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर ठेवायचा नाही.

छापील आकड्यांत धोका अधिक. कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेले असते. कमी रिझोल्यूशनवर दशांशचिन्ह दिसेनासे होते आणि उरतात २५. म्हणून महत्त्वाचा आकडा दाखवावा, मोठ्या अक्षरात लिहावा आणि बोलूनही सांगावा. ‘अडीच’ म्हटले की गैरसमजाला जागाच उरत नाही.

७. संपादन

‘केडेनलाइव्ह’, ‘शॉटकट’, ‘ओपनशॉट’ ही मोफत आणि मुक्त संपादन सॉफ्टवेअर आहेत. पुढील क्रम सोयीचा पडतो :

१) सर्व तुकड्यांना क्रमांक आणि नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा. दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.
२) आधी निवेदनाचा आवाज सलग लावा. चुकलेली वाक्ये आणि लांबलेले थांबे काढा.
३) मग आवाजाच्या अनुषंगाने चित्रे बसवा.
४) शीर्षके, बाण आणि आकडे शेवटी घाला.
५) पूर्ण व्हिडिओ एकदा फोनवर, एकदा फक्त ऐकून आणि एकदा आवाज बंद करून पाहा. तिन्ही वेळा वेगवेगळ्या चुका सापडतात.

पार्श्वसंगीताबाबत एक इशारा. आवडते चित्रपटगीत मागे लावून खाली गायकाचे नाव लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू आहे. युट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा अशी गाणी आपोआप ओळखते. मग व्हिडिओ अडवला जाऊ शकतो किंवा त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकते. युट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतील संगीत वापरावे. शिकवण्याच्या व्हिडिओत संगीत नसले तरी काही बिघडत नाही.

८. निर्यात आणि अपलोडचे गणित

न दाबलेल्या व्हिडिओचा वेग काढू. एका फ्रेममध्ये १९२० × १०८० = २०,७३,६०० बिंदू, प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर हा वेग सेकंदाला सुमारे १,४९३ मेगाबिट येतो. अपलोडसाठी युट्यूबची शिफारस १०८०पी, ३० फ्रेमला ८ मेगाबिटची आहे. म्हणजे सुमारे १८७ पट दाबणूक झाली.

एच.२६४ पद्धतीत हे कसे साधते? काही फ्रेम पूर्ण साठवल्या जातात. मधल्या फ्रेमसाठी आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच साठवले जाते. म्हणून ट्रायपॉड महत्त्वाचा. हात थरथरला की भिंतसुद्धा ‘हलते’ आणि पंख्यासाठी लागणारे बिट भिंतीवर खर्च होतात.

सहा मिनिटांच्या व्हिडिओचा आकार :
चित्र : ८ × ३६० = २,८८० मेगाबिट
आवाज, ३८४ किलोबिटने : ०.३८४ × ३६० = सुमारे १३८ मेगाबिट
एकूण : ३,०१८ मेगाबिट, म्हणजे सुमारे ३७७ मेगाबाइट

अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला तर ३,०१८ ÷ २ = १,५०९ सेकंद, म्हणजे २५ मिनिटे. अपलोडनंतर आधी कमी रिझोल्यूशनची आवृत्ती तयार होते आणि मोठी नंतर. म्हणून लगेच पुसट दिसले तर घाबरून पुन्हा अपलोड करू नये.

९. प्रकाशन आणि त्यानंतर

प्रथम व्हिडिओ ‘असूचीबद्ध’ ठेवावा. ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच तो दिसतो. तीन-चार जणांना दाखवून मग सार्वजनिक करावा. शीर्षक प्रेक्षक विचारेल तसे असावे : ‘पंखा गुणगुणतो पण फिरत नाही? कंडेन्सर असा तपासा’. शीर्षकाची मर्यादा १०० अक्षरांची असली तरी फोनवर सुरुवातीचाच भाग दिसतो. वर्णनात साहित्याची यादी द्यावी. प्रकरणे करायची तर वेळा इंग्रजी अंकांत लिहाव्यात, पहिली वेळ शून्यापासून सुरू करावी आणि किमान तीन प्रकरणे करावीत. मराठी उपशीर्षके संहितेवरून सहज तयार होतात. इतरांनी वापरावे असे वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना निवडावा.

चित्रात कोणाचा चेहरा असेल तर संमती घ्यावी, लहान मूल असेल तर पालकांची. टेबलावरचे वीजबिल, आधारकार्ड, गाडीचा क्रमांक फ्रेममध्ये आहेत का, ते फ्रेम थांबवून पाहावे.

आता माझ्या पहिल्या व्हिडिओबद्दल. त्यात मी म्हटले होते, “पंख्याचे बटण बंद करा आणि वरचा कप खाली घ्या.” आवाज स्वच्छ होता, चित्र स्थिर होते, मी समाधानी होतो. काही आठवड्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. “सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बटण बंद केलं होतं, तरी झटका बसला. स्टुलावरून उतरलो तो पडलोच जवळजवळ.” मी त्याच्या घरी गेलो. बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलेले होते. बटण बंद केल्यावर पंखा थांबत होता, पण त्याच्या तारांवर दाब तसाच होता. नियमाप्रमाणे बटण फेजमध्ये असायला हवे. पण घराघरांतले वायरिंग नियमाप्रमाणे असतेच असे नाही आणि विद्युत शाखेचा शिक्षक म्हणून ते मला ठाऊक होते. मी ते गृहीत धरले आणि सांगितले नाही. त्याला मोठी इजा झाली नाही, यात माझे काही कर्तृत्व नव्हते.

युट्यूबवर प्रकाशित व्हिडिओचा एखादा भाग कापता येतो, अस्पष्ट करता येतो, वर्णन बदलता येते. पण त्याच दुव्यावर नवी फाइल बसवता येत नाही. म्हणजे तोपर्यंतची प्रेक्षकसंख्या हवी असेल तर चुकीचे वाक्यही तिथेच राहणार. ‘वर्णनात इशारा लिहू’ असा विचार माझ्या मनात आला होता. पण स्टुलावर चढलेला माणूस वर्णन वाचत नाही. त्या संध्याकाळी मी व्हिडिओ काढून टाकला.

दुसऱ्या व्हिडिओत सुरुवातीला एक मिनिटाची सुरक्षा-सूचना घातली. प्रेक्षक किती वेळ टिकतात याचा आलेख पाहिला, तर नेमक्या त्याच मिनिटात तो खाली उतरला होता. लोक सूचना ओलांडून थेट दुरुस्तीवर जात होते. तेव्हा तिसऱ्यांदा चित्रण केले आणि वेगळी सूचना ठेवलीच नाही. तीच गोष्ट कृतीत आणली : मेन स्विच बंद करणे, टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून घेतलेला असणे, कप उतरवल्यावर प्रत्येक तारेला टेस्टर लावणे, कपॅसिटर मीटरला जोडण्यापूर्वी रोधामार्फत विसर्जित करणे. ज्याला दुरुस्ती पाहायची आहे त्याला हे पाहावेच लागते. संहिता मी शेजारच्या काकूंना वाचायला दिली. त्यांनी विचारले, “मेन स्विच कोणता, हे कसं ओळखायचं?” तोही प्रश्न व्हिडिओत आला.

१०. सारांश

- एक व्हिडिओ, एक प्रश्न. संहिता आधी, कॅमेरा नंतर.
- माइक जवळ, शटर १/५० किंवा १/१००, कॅमेरा ट्रायपॉडवर.
- अक्षरे पडद्याच्या एक नवमांश उंचीची. महत्त्वाचे आकडे बोलूनही सांगावेत.
- संगीत परवान्याचे, चेहरे संमतीने.
- सुरक्षेची गोष्ट इशाऱ्यात न ठेवता कृतीत दाखवावी.
- चुकीचा व्हिडिओ काढून टाकण्याची तयारी ठेवावी.

छंद म्हणून केलेल्या कामाला परीक्षक नसतो. पण आपण सांगितले तसे करून पाहणारा कोणीतरी असतो आणि तो समोर दिसत नाही. त्याला डोळ्यांसमोर ठेवून संहिता वाचावी.

११. स्वाध्याय

१) माइकचे अंतर ८० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आणले तर थेट आवाजाची पातळी किती डेसिबलने वाढेल? घुमणाऱ्या आवाजाचे काय होईल?
२) चार पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्यास तो कोणत्या दिशेने फिरताना दिसेल? (पात्यांतील अंतर ९० अंश आहे.)
३) १० मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिटने निर्यात केला. आवाज वगळून फाइलचा आकार काढा. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने अपलोडला किती वेळ लागेल?
४) आपल्या घरातील एखाद्या साध्या दुरुस्तीची दोन रकान्यांची संहिता लिहा. ती विषय न जाणणाऱ्या व्यक्तीला वाचायला द्या आणि त्यांनी विचारलेले प्रश्न तारीख घालून नोंदवा.